फाइल आधी, गाडी नंतर

वापरलेली लक्झरी गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला गेलेल्या तिसऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि ते कोमट लागलं. आदल्या रात्री मी मालकांना फोन करून मुद्दाम सांगितलं होतं, "सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, तेवढं बघा." ते म्हणाले, "अहो, नुसती धुवायला बाहेर काढली होती." असेलही. पण या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांचं दुखणं रात्रभर थंड झाल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांतच ऐकू येतं. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतले भाग एका लयीत फिरवणारी साखळी, सैल झाली असेल तर सुरू होताना खडखड होते. तेलाचा दाब आला, चेन ताणून धरणारा टेन्शनर ताणला गेला, की आवाज गायब. इंजिन आधी गरम करून ठेवायचं म्हणजे ताप उतरायची गोळी देऊन पेशंटला डॉक्टरकडे न्यायचं. मी टेस्ट ड्राइव्ह न घेताच परत आलो.

अशी गाडी मला कित्येक वर्षांपासून हवी होती. मागच्या सीटवर बसून फिरायची लक्झरी नव्हे, स्वतः चालवायची. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज, मर्सिडीजची सी क्लास, ऑडीची ए४, लेक्ससची आयएस, या घराण्यातली. त्यातही थ्री सिरीजवर जीव जास्त. १९७५ साली आलेल्या पहिल्या थ्री सिरीजपासून इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, ही मांडणी तिच्या मूळ स्वभावात आहे. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम असलं की स्टिअरिंग हातात कसं स्वच्छ लागतं, हे एकदा अनुभवलं की विसरता येत नाही.

नवी घेणं झेपणारं नव्हतं, सात-आठ वर्षं वापरलेली झेपत होती. माणूस फसतो तो इथेच. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. कधीकाळची महागडी सेडान साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात मिळाली तरी तिचे ब्रेक डिस्क, शॉक अॅब्सॉर्बर, सेन्सर महागड्या गाडीच्याच भावाने येतात आणि मजुरीही तशीच लागते. म्हणून जमवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा मी आधीच वेगळ्या खात्यात टाकला. तो गाडीच्या किमतीत धरायचाच नाही असं स्वतःला बजावलं. कोणी विचारलं तर मी आजही पहिला सल्ला हाच देतो.

दोन महिने नुसतं वाचन केलं. गाडीचं नाव काय यापेक्षा तिच्यात कोणतं इंजिन कोणत्या वर्षीचं आहे, हे जास्त महत्त्वाचं असतं हे तेव्हा कळलं. थ्री सिरीजच्या एन४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचं काम निघालं तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिनच उतरवावं लागतं. नंतरच्या एन२० पेट्रोलमध्ये चेनच्या प्लास्टिक गाइडची झीज हा माहीत असलेला प्रश्न. ऑडी ए४च्या बी८ पिढीतली सुरुवातीची टू लिटर पेट्रोल इंजिनं पिस्टन रिंगांमुळे तेल पितात, मर्सिडीजच्या डब्ल्यू२०४ सी क्लासमधल्या एम२७१ इंजिनात चेन आणि कॅमशाफ्ट अॅडजस्टर तपासायचे असतात. म्हणून या गाड्या वाईट ठरत नाहीत. कोणत्या गाडीपुढे कोणता प्रश्न घेऊन जायचं, एवढंच यातून कळतं. मी शेवटी थ्री सिरीजच्या एफ३० पिढीतल्या, २०१५च्या फेसलिफ्टनंतरच्या, म्हणजे त्याच पिढीतल्या सुधारलेल्या, ३२०आय या पेट्रोल मॉडेलवर आलो, कारण तिच्यात एन२०ची जागा नव्या बी४८ इंजिनाने घेतली होती.

पण त्याआधी मन कूपेवर गेलं होतं. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही. दोन दारांच्या या गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढलं की काच बोटभर खाली सरकते, दार लावलं की वर जाऊन रबरात बसते. डावी काच तशी सरकली. उजवी जागची हलली नाही, रबराला घासतच दार उघडलं. माझ्याबरोबर ओळखीचे मेकॅनिक काका होते. त्यांनी खिशातून रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं. डावीकडे सगळीकडे शंभर ते सव्वाशे मायक्रॉन. उजव्या दारावर साडेतीनशे, आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावर सातशेच्या पुढे. डीलर म्हणाला, "बारीक ओरखडा होता, रंगवून घेतलाय." काका त्याला काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दार बोल्टवर असतं, बदलता येतं. मागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो. तिथे एवढी पुट्टी भरलीय म्हणजे मार आतपर्यंत गेलाय."

दुसऱ्या गाडीचं मीटर चाळीस हजार किलोमीटरच्या जरा वर. बसायला गेलो तर ड्रायव्हर सीटची बाहेरची कड खचलेली, ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं जिथे हात राहतात तिथे चकाकणारं. या गाड्या रनिंग फक्त डॅशबोर्डमध्ये ठेवत नाहीत, इतर कंट्रोल युनिटमध्येही, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांमध्येही, त्याच्या नोंदी राहतात. काकांनी स्कॅनर लावला आणि एका युनिटमध्ये दुपटीहून जास्त आकडा निघाला. शिवाय एररचे कोड नुकतेच पुसलेले. हे कसं कळलं तेही सांगून ठेवतो. कोड पुसले की प्रदूषण यंत्रणेच्या गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि काही दिवस गाडी चालेपर्यंत स्कॅनरवर 'अपूर्ण' दिसतात. त्या दिवशी जवळजवळ सगळ्याच अपूर्ण होत्या. विकायला काढलेल्या गाडीचे कोड कोणी हौसेनं पुसत नाही.

परत येताना काका म्हणाले, "तू गाडी बघायला जातोस, ते आधी बंद कर. फोनवर फाइल माग. फाइल असेल तर जा."

चौथ्या गाडीला मी तेच केलं. २०१६ची ३२०आय, पहिल्याच मालकीणबाईंकडे असलेली. फोनवर मी विचारलं, "मॅडम, सर्व्हिसची बिलं आहेत का?" त्या म्हणाल्या, "सगळी आहेत. कोणत्या वर्षाची हवीत?" तिथेच माझा अर्धा निर्णय झाला.

टेबलावर त्यांनी निळी फाइल आणि एक लांब वही ठेवली. वहीत प्रत्येक टाकीचं पेट्रोल, प्रत्येक वेळचं रनिंग, टायरमधली हवा, सगळं एकाच हस्ताक्षरात. इंजिन ऑइल दर वर्षी बदललेलं. गाडीचा संगणक 'अजून वेळ आहे' म्हणत असतानाही. कंपन्या दोन सर्व्हिसमध्ये लांब अंतर देतात, पण टर्बो इंजिनाला इतकं जुनं तेल मानवत नाही, हे त्यांना त्यांच्या मेकॅनिकने सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं होतं. दोन्ही चाव्या समोर होत्या. मग मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "मागचा बंपर एकदा रंगवलाय. पार्किंगमध्ये खांबाला लागला होता." काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं मीटर पत्र्यावर चालतं, प्लास्टिकवर चालत नाही, आणि बंपर प्लास्टिकचा असतो. मॅडमनी सांगितलं नसतं तर आम्हाला ते बहुतेक कळलंच नसतं.

बॉनेट गार होतं. इंजिन सुरू केलं. सुरुवातीला थोडे वरचे आरपीएम, मग हळूहळू खाली येऊन स्थिर. खडखड नाही, धूर नाही. काका डोळे मिटून उभे होते. ते ऐकताना नेहमी तसे उभे राहतात. टेस्ट ड्राइव्ह पाऊण तास घेतली. आधी गर्दीतून अगदी सावकाश, कारण आठ गिअरचा ऑटोमॅटिक धक्का देत असेल तर तो सिग्नलजवळ थांबता थांबता, दुसऱ्यातून पहिल्यात येताना देतो. मग मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक जोरात दाबून स्टिअरिंग थरथरतंय का बघत. ते थरथरलं नाही. स्पीड ब्रेकरवर मात्र पुढून डावीकडे एक बोथट 'धप' आली, दोनदा.

तिथून थेट लिफ्टवर. खालचं प्लास्टिकचं आवरण काढायचा आग्रह धरा, कारण गळती असेल तर ती त्या आवरणाआड लपते. टॉर्च मारला तर इंजिनची खालची बाजू कोरडी होती. गिअरबॉक्सचा तेलाचा ट्रे या झेडएफ कंपनीच्या ८एचपी गिअरबॉक्समध्ये प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो. त्याची कड नीट होती. 'धप' सापडली: पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचं बुश, म्हणजे सांध्यातला रबरी भाग, त्याच्या रबराला चीर. काकांनी पहार लावून ते हलवून दाखवलं. टायरच्या बाजूवर डॉटच्या अक्षरांपाशी शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या जोडीवर ०८१८, म्हणजे २०१८चा आठवा आठवडा. मागच्या जोडीवर ४११९. नक्षी भरपूर होती, पण रबराच्या खाचांत बारीक भेगा. बॅटरी डिक्कीत उजवीकडे असते. तिच्याभोवती ओल नव्हती, पण तपासल्यावर ती कमजोर निघाली. स्कॅनरवर नवा-जुना एकही कोड नाही, सगळ्या तपासण्या पूर्ण, रनिंगचा आकडा सगळीकडे जुळणारा, आणि त्या वहीशीही.

घासाघीस मला जमत नाही, म्हणून कागद केला. चार टायर, बुश, बॅटरी, गिअरबॉक्सचं तेल, प्रत्येकापुढे गॅरेजचा अंदाज. मॅडमनी चष्मा लावून शांतपणे वाचला. टायर, बुश आणि बॅटरीचे पैसे त्यांनी कमी केले. गिअरबॉक्सच्या तेलावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे नाही. कंपनीने बदलायला सांगितलंच नव्हतं, मी कशाला देऊ?" त्यांचं बरोबर होतं. गाडीवाल्या कंपन्या ते तेल आयुष्यभराचं म्हणतात, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. मी झेडएफचं ऐकायचं ठरवलं होतं, तेव्हा तो खर्च माझा.

कागदपत्रांत फारसं काही घडलं नाही. सतरा अक्षरांचा चासी नंबर काचेखाली, बॉडीवर आणि नोंदणीवर एकच आहे ना, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आहे ना, त्या नंबरावर कंपनीचा एखादा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी परत बोलावणं, बाकी आहे का, एवढं बघितलं. पैसे बँकेतून बँकेत. नाव बदलण्याचा अर्ज आणि विमा माझ्या नावावर झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली नाही.

वेगळं ठेवलेलं खातं पहिल्याच महिन्यात उघडलं. गिअरबॉक्सचं तेल निघालं ते काळपट, आणि ट्रे फिल्टरसकट नवा बसला. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली हलकीशी रेंगाळ गेली. बॅटरी बदलली तेव्हा ती नुसती बसवून चालत नाही, नवी आली हे गाडीच्या संगणकाला नोंदवून द्यावं लागतं, नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच तिला चार्ज करत राहतो. हे काम करायला विसरणारी गॅरेजं आहेत, म्हणून मी समोर उभं राहून करून घेतलं.

सर्वांत जास्त विचार टायरचा केला. गाडीवर रनफ्लॅट होते. ते पंक्चर झाले तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून अशा गाडीत सहसा स्टेपनी नसते. पण त्यांच्या बाजू ताठ असतात आणि प्रत्येक सांधा कमरेत जाणवतो. मी साधे टायर घेतले आणि डिक्कीत हवेचा छोटा पंप, पंक्चरचं किट, टोचण आणि हातमोजे ठेवले. रात्री एकट्याने लांब जाणाऱ्याने रनफ्लॅटच ठेवावेत असं माझं मत आहे. मला ती शांतता हवी होती. नव्या टायरवर, नव्या बुशसकट ओळखीच्या वळणावर गाडी टाकली तेव्हा पुढचं टोक नुसत्या मनगटाच्या इशाऱ्यावर आत वळलं आणि मागचं त्याच्यामागून शांतपणे आलं. मी पुढे जाऊन वळून परत आलो आणि तेच वळण पुन्हा घेतलं.

मॅडमनी वही फाइलबरोबरच दिली होती. तिच्यात आता माझ्या अक्षरात आठ नोंदी आहेत. पुढची कूलंटची असेल. त्याच वेळी रेडिएटरचे होज आणि प्लास्टिकचे जोड काढून बघायचे असं काकांशी बोलून ठेवलंय, कारण उष्णतेनं ते ठिसूळ होतात आणि तुटताना आधी सांगत नाहीत.