गोळी घेतली, पण वजन कुणी विचारलं नव्हतं

शनिवारी रात्री कंडोम फाटला. मुलगी सहा वर्षांची, दुसरं नको हे आमचं पक्कं ठरलेलं. सकाळी घराजवळचं मेडिकल सोडून मुद्दाम पलासियाला गेले, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी कागदात गुंडाळून पुढे सरकवली. 72 तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी, एवढं माहीत होतं. तिथंच उभ्याउभ्या घेतली.

दुपारी नणंदेला फोन केला. ती नर्स आहे. तिने पहिलंच विचारलं, "वहिनी, तुमचं वजन किती आहे हो?"

मला रडू आलं. घसा दुखतो म्हणून गेले तरी 'आधी वजन कमी करा' ऐकून येणारी मी. या कामासाठी डॉक्टरांकडे जायचं म्हणजे नकोच वाटत होतं. नणंदेने मात्र सोमवारी पाठवलंच.

डॉक्टर मॅडमनी मला काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्याने न वाचता लिहून घेतला. 78 किलो, उंची 158 सेंमी, बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 31. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "यात तुमची काही चूक नाही. ही गोळी अंडं बाहेर पडणं लांबवते. वजन जास्त असलं की रक्तात तिची पातळी कमी राहते, म्हणून बीएमआय 30 च्या वर तिचा परिणाम कमी पडू शकतो. तरी घेतलीत ते चांगलंच केलंत."

"मग दोन घेऊ का?"

"जास्त वजनाच्या बायकांवर हीच चाचणी झाली, 2022 साली तिचे निष्कर्ष आले. दुप्पट मात्रेने फायदा दिसला नाही. कॉपर-टीला मात्र वजनाने फरक पडत नाही. पाच दिवसांच्या आत बसवली तर सगळ्यात खात्रीची, आणि पुढची काही वर्षं काळजी नाही."

आम्ही तिथंच ठरवलं. बसवताना ओटीपोटात एक जोराची कळ आली, नर्सचा हात घट्ट धरला होता. दोन दिवस पोट दुखलं. पाळी आठवडाभर उशिरा आली, तोवर जीव टांगणीला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी घरीच चाचणी केली. एकच रेघ.

त्याच संध्याकाळी धाकट्या जावेला फोन लावला. तिचं वजन माझ्याहून जास्त आहे, आणि ती गोळीच्याच भरवशावर होती.