प्रवाळ टाकीचा ओव्हरफ्लो गप्प कसा होतो

माझ्या पहिल्या प्रवाळ टाकीचा (घरी जिवंत प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा) ओव्हरफ्लो पाइप, म्हणजे वरून सांडलेले पाणी खाली नेणारा पाइप, दर चाळीस-पन्नास सेकंदांनी एक मोठा घोट घेत असे. पाइप ज्या पेटीत असतो तिच्यातले पाणी हळूहळू चढायचे, पाइपचे तोंड बुडायचे, मग घळ्ळकन सगळे पाणी खाली ओढले जायचे, शेवटी हवा आत शिरून लांब घरघर व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. दिवसा त्याकडे लक्ष जात नसे, पण रात्री सगळीकडे सामसूम झाली की शेजारच्या खोलीतसुद्धा तो घोट मोजत पडून राहावे लागे. घरात कोणी तक्रार केली नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले. म्हणून दुसरी टाकी बांधताना मी प्रवाळ, खडक आणि दिवे बाजूला ठेवून आधी पाणी खाली कसे जाईल याचाच विचार केला.

मुख्य टाकीच्या पृष्ठभागावर साचणारा तेलकट थर सांडव्यावरून ओव्हरफ्लोच्या पेटीत उतरतो, तिथून पाइपने सम्पमध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत जातो, फेस करून मळ काढणाऱ्या स्किमरमधून स्वच्छ होतो आणि रिटर्न पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो, हे प्रवाळ पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. आवाजाचे कारण मात्र आपण बहुधा चुकीच्या जागी शोधतो. पाइप भरून वाहणारे पाणी जवळजवळ नि:शब्द असते. आवाज होतो तो पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवून दिले की पाण्यातला प्रत्येक बुडबुडा आपल्या आकारानुसार ठरावीक स्वरात कंप पावतो. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची कंपनसंख्या सुमारे ३ किलोहर्ट्झ येते, आणि आपला कान नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणजे पाइपला स्पंज गुंडाळून किंवा कपाटाला जाड दार लावून आवाज थोडा दबेल इतकेच. खरा उपाय म्हणजे हवा आणि पाणी एका पाइपमधून एकत्र खाली जाणार नाहीत अशी रचना करणे.

माझ्या जुन्या टाकीत डर्सो पद्धतीचा एकच पाइप होता. त्यात पाणी पाइपच्या भिंतीला धरून उतरते आणि मधून हवा जाते. वरच्या टोपणातले भोक योग्य मापाचे असेल आणि प्रवाह कमी असेल तर ही पद्धत ठीक चालते. प्रवाह वाढला की पाइप कधी सायफन होतो (म्हणजे हवेशिवाय पूर्ण भरून पाणी ओढतो), कधी होत नाही, आणि त्या ओढाताणीतून माझ्याकडचा तो घोट जन्माला येतो. हर्बी पद्धतीत एक पाइप पूर्ण भरलेला सायफन म्हणून चालतो, त्याच्या खालच्या टोकाकडील व्हॉल्व्हने त्याचा प्रवाह पंपाच्या प्रवाहाइतका आवळला जातो आणि दुसरा पाइप अडीअडचणीसाठी रिकामा राहतो. ही रचना मला आधी पुरेशी वाटली होती. नंतर कागदावर थोडे गणित केले आणि मत बदलले.

सायफनचा प्रवाह पेटीतल्या पाण्याची पातळी आणि सम्पमधली पातळी यांतल्या उंचीच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. माझ्याकडे हा फरक साधारण १ मीटर आहे. समजा, पंपाने किंचित जास्त पाणी दिले आणि पेटीतली पातळी तब्बल ५ सेंटिमीटर चढली, तर सायफनचा प्रवाह वाढतो फक्त अडीच टक्के. ताशी २,००० लिटरच्या हिशेबात हे ५० लिटर होतात. पंपाच्या जाळीवर थोडे शेवाळ बसले, बाष्पीभवनाने सम्पमधले पाणी उतरले, रिटर्न पाइपच्या आत चुन्याचा थर आला, तरी प्रवाह याहून अधिक बदलू शकतो. त्यामुळे एकटा सायफन स्वतःला सावरून घेईल ही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. आज अचूक जुळवलेला व्हॉल्व्ह आठवड्याभरात जुळेनासा होतो, मग पातळी एक तर दुसऱ्या पाइपवरून सांडते नाही तर इतकी उतरते की सायफन हवा ओढू लागतो.

बीनअ‍ॅनिमल पद्धतीत तीन पाइप असतात आणि त्यांतला जादा उघडा पाइप ही उणीव भरून काढतो, आणि या रचनेबद्दल मला मनापासून आदर आहे. पहिला पाइप सायफन. तो बहुतेक सगळे पाणी नेतो. दुसरा उघडा पाइप. सायफनला न पेललेली बारीक धार त्याच्या आतल्या भिंतीवरून सरकत खाली जाते, आणि धार इतकी बारीक असते की तिच्यात हवा कोंडतच नाही. पंपाचा प्रवाह थोडा कमी-जास्त झाला तर ही धार तेवढीच बारीक किंवा जाड होते आणि पेटीतली पातळी जागच्या जागी राहते. या दुसऱ्या पाइपच्या टोपणातून एक पातळ हवानळी निघते आणि तिचे तोंड नेहमीच्या पातळीच्या जरा वर असते. सायफन तुंबला की पातळी चढते, हवानळीचे तोंड बुडते, हवा बंद होते आणि उघडा पाइप आपोआप सायफन होऊन सगळा भार उचलतो. तिसरा पाइप त्याहून उंच तोंडाचा, कायम कोरडा. त्याला व्हॉल्व्ह लावायचा नाही, आणि त्याचे खालचे टोक मी मुद्दाम सम्पच्या पाण्याच्या वर सोडले आहे, म्हणजे त्यातून पाणी आले तर ते ऐकू यावे.

मापांच्या बाबतीत घाबरून फार जाड पाइप घेण्याची गरज नसते. १ मीटर उंचीवरून घर्षण न धरता पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर येतो; वळणे, जोड आणि घर्षण यांसाठी मी तो निम्मा धरला, तरी २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा सायफन ताशी जवळजवळ ३,९०० लिटर पाणी नेऊ शकतो. माझी टाकी सुमारे ४०० लिटरची आणि सम्पमधून जाणारा प्रवाह तिच्या पाचपट, म्हणजे व्हॉल्व्ह आवळायला भरपूर वाव उरतो. हा व्हॉल्व्ह गेट प्रकारचाच हवा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत पूर्ण उघडतो, त्यात बारीक फरक करणे हाताला जमत नाही. गेट व्हॉल्व्हची मूठ कितीतरी फेऱ्या घेते. तो पूर्ण प्लास्टिकचा असावा, कारण पितळेत तांबे असते आणि तांबे प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी या सगळ्यांना विषारी आहे.

सांडव्याची लांबी हा विषय बहुतेक जण घाईत उरकतात. ताशी २,००० लिटर पाणी २० सेंटिमीटर रुंदीच्या सांडव्यावरून जाताना सुमारे १३ मिलिमीटर जाड थराने कोसळते. तेच पाणी मागच्या भिंतीच्या पूर्ण १२० सेंटिमीटर लांबीवर पसरले की थर ४ मिलिमीटरवर येतो, काचेला चिकटून उतरतो आणि पृष्ठभागावरची मळीही अधिक चांगली ओढतो. पेटीतली पातळी सांडव्याच्या काठापासून दोन-तीन सेंटिमीटरच खाली ठेवली, तर धबधब्याचा आवाज उरतच नाही. खालच्या टोकाला सायफनचे तोंड सम्पच्या पाण्यात दोन-अडीच सेंटिमीटर बुडवावे. मी आधी ते १५ सेंटिमीटर बुडवले होते, आणि पंप सुरू केल्यावर पाइपमधली हवा एवढे पाणी ढकलून बाहेर पडेना. सायफन सुरू व्हायला दहा मिनिटे लागली आणि तेवढा वेळ कोरडा राहायला हवा तो पाइप वाहत होता. टोक कापून आखूड केल्यावर तीच हवा मिनिटाच्या आत फसफसत निघून जाऊ लागली. आडवे पाइप शक्यतो टाळावेत, कारण हवा तिथेच दबा धरून बसते; जिथे वळण अटळ होते तिथे मी काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरले.

वीज गेल्यावर काय होईल याचा हिशेब काच भोकण्यापूर्वीच व्हायला हवा. (कडक केलेली म्हणजे टेम्पर्ड काच भोकताच येत नाही, तिचा चुरा होतो.) १२० बाय ६० सेंटिमीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली की ७.२ लिटर पाणी खाली येते. पंप थांबला की रिटर्न पाइपमधून पाणी उलटे सम्पमध्ये येऊ लागते; त्याचे तोंड पृष्ठभागाखाली २ सेंटिमीटर असेल तर तोंड उघडे पडून हा उलटा सायफन तुटेपर्यंत सुमारे १४ लिटर येतील. तेच १० सेंटिमीटर खाली असेल तर ७२ लिटर येतील आणि सम्प ओसंडून वाहील. एकदिशा व्हॉल्व्हवर मी विसंबत नाही. त्याच्या झडपेवर चुना बसतो आणि ती अर्धवट उघडी राहते.

मीठ घालण्यापूर्वी मी गोड्या पाण्यावर एक अख्खा दिवस चाचणी केली: पंप पुन:पुन्हा बंद-चालू केला, सायफनचे तोंड तळहाताने दाबून धरले, मग उघडा पाइपही बंद केला आणि तिसरा एकटा पुरतो का ते पाहिले. शेवटी गेट व्हॉल्व्ह आवळायला घेतला. एकेक अष्टमांश फेरी फिरवायची आणि पाच मिनिटे थांबायचे, कारण पातळी स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. उघड्या पाइपमध्ये करंगळीपेक्षा बारीक धार दिसू लागली आणि खोलीत फक्त पंपाची हलकी घूं उरली. पंपाखाली सिलिकॉनची चकती आणि रिटर्नमध्ये मऊ नळीचा एक तुकडा घातल्यावर तीही जवळजवळ गेली.

चार महिन्यांनी एका मध्यरात्री बाहेरच्या खोलीतून घरघर ऐकू आली आणि मला जाग आली. विजेरी घेऊन पाहिले तर पेटीतली पातळी बोटभर चढलेली, हवानळीचे तोंड बुडालेले आणि दुसरा पाइप सगळे पाणी ओढत होता. तिसरा कोरडा होता, जमिनीवर थेंबही नव्हता. सायफनच्या तोंडाशी एक गोगलगाय शंखासकट अडकली होती; ती काढून टाकीत सोडली, आणि दोन-तीन मिनिटांत पाणी आपल्या खुणेवर उतरले.