बांधकामाला आणलेली सासू

जोत्याचे बीम भरून चार दिवस झाले होते. प्लंबर आला, साइटभर एक चक्कर मारली आणि मला फोन केला, ‘मॅडम, चार इंची पाइप बाहेर काढायचा कुठून?’

मी दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, दोन स्लॅबचं काम. एवढ्याशा इमारतीला बांधकाम व्यवस्थापक कशाला हवा, असं माझं ठाम मत होतं. आर्किटेक्ट आहे, आरसीसीचं डिझाइन करणारा इंजिनीअर आहे, ठेकेदार आहे. चौथा माणूस म्हणजे नुसता खर्च.

त्या पाइपने मत बदललं. ठेकेदार म्हणाला, आरसीसीच्या ड्रॉइंगमध्ये बीममधली स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठी आधीच ठेवायची नळी, दाखवलेलीच नाही. डिझाइनवाला म्हणाला, ड्रेनेजचं ड्रॉइंग माझ्याकडे आलंच नाही. आर्किटेक्ट म्हणाला, मी ते साइटवर दिलं होतं. तिघंही खरं बोलत होते. दोन ड्रॉइंगं एकमेकांशी ताडून बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ते मालकाचं काम, आणि मालकीण तेव्हा कुणाची तरी अक्कलदाढ काढत होती. शेवटी डिझाइनवाल्याने खूण करून दिली तिथे मशीनने भोक पाडलं, एक बाथरूम फिरवलं आणि त्यात अकरा दिवस गेले.

मग मी एक इंजिनीअरबाई नेमल्या. रोजची हजेरी नको होती, परवडलीही नसती. आठवड्यातून दोन फेऱ्या, काँक्रीटच्या प्रत्येक भरणीच्या दिवशी पूर्ण वेळ, आणि ठेकेदाराचं बिल त्यांनी मोजमाप तपासल्याशिवाय मी द्यायचं नाही, एवढंच ठरलं. एक अट त्यांनीच लिहून घेतली: त्यांच्या सहीशिवाय काँक्रीट ओतायचं नाही.

ठेकेदार पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘मॅडम, बांधकामाला सासू आणलीत तुम्ही.’

बाईंनी आधी काम दिलं ते मला. कोणती गोष्ट मी कधीपर्यंत ठरवायची, याची तारखांसकट यादी. सगळ्यात वर होती पेशंटची खुर्ची. मी म्हटलं, ती फरशी झाल्यावर घेईन. त्या म्हणाल्या, ‘खुर्चीला जमिनीखालून काय काय लागतं?’ सांगता सांगता मीच चपापले. पाणी, ड्रेन, कॉम्प्रेसरची हवा, सक्शन आणि वीज, अशा पाच लाइनी. त्या सगळ्या खुर्चीच्या पायाशी एका ठरावीक चौकोनात वर यायला हव्यात, आणि तो चौकोन प्रत्येक मॉडेलचा वेगळा. फरशी आधी घातली असती तर नवी कोरी फरशी फोडायची वेळ आली असती. मी त्याच आठवड्यात मॉडेल पक्कं केलं. कंपनीकडून मापांचा कागद आला, बाईंनी जमिनीवर खडूने चौकोन आखला आणि मला स्टुलावर बसवून उजव्या हाताला पुरेशी जागा राहते का ते बघायला लावलं. राहत नव्हती. चौकोन वीतभर सरकला. खडू पुसला आणि काम झालं.

पहिल्या स्लॅबच्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला होता. सळ्या उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांऐवजी, म्हणजे कव्हर ब्लॉकऐवजी, सळ्यांखाली जागोजागी खडीचे तुकडे सारलेले निघाले. ड्रॉइंगवर 20 मिमी कव्हर, म्हणजे सळईखाली काँक्रीटचा तेवढा थर, लिहिलंय आणि खाली सळई सेंटरिंगच्या, म्हणजे साच्याच्या, प्लेटला टेकलेली. अशी सळई पुढे गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. तुकडे काढून ब्लॉक बसवेपर्यंत भरणी दोन तास थांबली. दुपारी एक कामगार मालात पाइपने पाणी सोडताना दिसला. सैल माल भराभर पसरतो, पण ते जादा पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या ठेवून जातं, त्यामुळे काँक्रीट कच्चं राहतं. बाईंनी तो माल बाजूला काढायला लावला. ठेकेदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दिवसभरात त्याच काँक्रीटचे 150 मिमीचे सहा क्यूब, म्हणजे ठोकळे, भरून घेतले; ताकद बघायला तीन 7 दिवसांनी तपासायचे, तीन 28 दिवसांनी.

लोखंडाच्या बिलाचा हिशेबही त्यांनी मला शिकवला. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिमीची सळई मीटरला 0.89 किलो. बिलात सळ्यांचे काही जोड दोनदा धरलेले सापडले. ठेकेदाराने कुरकुर न करता दुरुस्त केले.

पण मला वाटलं होतं मी माझा वकील नेमलाय, तसं ते नव्हतं. लिंटेल, म्हणजे खिडक्या-दारांवरची काँक्रीटची आडवी पट्टी, झाल्यावर मी वरच्या खोलीची खिडकी मोठी करून घेतली आणि ठेकेदाराने जादा पैसे मागितले तेव्हा मला राग आला. बाई म्हणाल्या, ‘त्याचं बरोबर आहे, द्या.’ त्यांनी तपासलेलं बिलही मी आठवड्याभरात चुकतं करायचं, हेही लिहिलेलं होतं. पैसे वेळेवर मिळायला लागल्यावर सासूचा विषय निघेनासा झाला.

चुका त्यांच्याही झाल्या. खिडक्यांना तीन आठवडे धरले होते, लागले सात. तोवर खिडक्यांच्या कडांचं प्लास्टर अडून राहिलं आणि वरच्या मजल्यावर प्लास्टिकचे कागद फडफडत होते. रंगकामाला मात्र त्यांची गरजच नव्हती. त्यांनी स्वतःच फेऱ्या बंद केल्या आणि त्या महिन्याची फी लावली नाही.

जाताना एक फाइल देऊन गेल्या. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो, त्यात पाइप आणि वायरींच्या नळ्या उघड्या, शेजारी टेप धरलेली. तेव्हा मला तो अतिरेक वाटला. मागच्या आठवड्यात दवाखान्यात बेसिनच्या वर कपाट लावायचं होतं. सुतार ड्रिल लावणार तेवढ्यात फाइल आठवली. फाइलमधला त्या भिंतीचा फोटो बघून टेपने मोजलं, तर पाइप नेमका त्याच्या खुणेखालून जात होता. खूण चार बोटं डावीकडे घेतली.