चिमण्यांचा बाळंतविडा

पॅरिसला आल्यावर पाँपिदू सेंटर या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पहिल्यांदा गेले, तेव्हा मोठमोठ्या चित्रकारांच्या नावांची यादी हातात होती. ती तशीच राहिली, कारण मी एका काचेच्या पेटीपाशी अडकले. पेटीत ओळीनं निजवलेल्या चिमण्या. खऱ्या, मेलेल्या, पेंढा भरून जतन केलेल्या. प्रत्येकीच्या अंगावर हातानं विणलेला, अंगठ्याएवढा लोकरीचा कपडा. आपल्याकडे बाळंतविड्यात कुंची, झबलं, टोपडं देतात ना, अगदी त्या निगुतीनं केलेला. आधी फार गोड वाटलं. मग पोटात गलबललं.

हे काम फ्रेंच कलाकार आनेत मेसाजे यांचं, १९७१-७२ सालातलं. त्या तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. पॅरिसच्या रस्त्यावर मेलेल्या चिमणीवर पाय पडला आणि त्यातून हे सुचलं, असं त्या सांगतात. कामाचं फ्रेंच नाव ‘ले पाँसियोनेर’, म्हणजे वसतिगृहात ठेवलेली मुलं. या मुलांची त्या आई झाल्या: त्यांना निजवलं, फिरायला नेलं आणि शिक्षाही केली. माया आणि जाच एकाच हातानं. घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

मेसाजेंचा जन्म १९४३चा, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बेर्कचा. हाडांच्या क्षयाच्या रुग्णांसाठी हे गाव प्रसिद्ध होतं. हवापालटासाठी लोक तिथं येऊन राहत. वडील वास्तुविशारद आणि चित्रकलेचे वेडे. पुढे पॅरिसच्या लहानशा घरात मेसाजेंनी स्वतःचीच वाटणी केली: झोपायच्या खोलीत ‘संग्राहक’ आनेत मेसाजे, कामाच्या खोलीत ‘कलाकार’ आनेत मेसाजे. मला ही वाटणी फार जवळची वाटते. आपल्या कितीतरी आज्या-मावश्यांना दुसरी खोली मिळालीच नाही.

त्यांचं साहित्य बघा: लोकर, सुई-दोरा, मच्छरदाणीसारखी जाळी, खेळण्यातली मऊ जनावरं, फोटो. म्हणजे ‘बायकांचा उद्योग’ म्हणून जे बाजूला सारलं जातं, ते सगळं. १९७४ साली त्यांनी बायकांना हिणवणाऱ्या म्हणी गोळा केल्या आणि पांढऱ्या सुती कापडांवर रंगीत दोऱ्यांनी भरल्या. एक म्हण अशी: बाई चांगली असती तर देवालाही एक असती. ती वाचताना मला आपलं ‘चूल आणि मूल’ आठवलं, ‘बायकांच्या पोटात काही राहत नाही’ आठवलं. मान खाली घालून, टाक्यामागून टाका घालत स्वतःचाच अपमान भरतकामात उतरवायचा, याला केवढं धैर्य लागत असेल!

पुढे कामांचा आकार वाढत गेला. ‘मे व्हू’मध्ये, म्हणजे ‘माझे नवस’मध्ये, शरीराच्या अवयवांचे शेकडो छोटे चौकटबंद फोटो दोऱ्यांनी भिंतीवर दाटीवाटीनं लटकतात, देवाला नवसाचे डोळे, हात-पाय वाहतात तसे. २००५ साली व्हेनिसच्या बिनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, फ्रान्सच्या दालनात त्यांनी लाल रेशमी कापडाचा समुद्र वाऱ्यावर हेलकावता ठेवला आणि त्या दालनाला सर्वोत्तम दालनाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. जोडीदार ख्रिस्तियान बोल्तान्स्की हेही नामांकित कलाकार; २०२१ साली ते गेले. पॅरिसला लागूनच असलेल्या मालाकॉफमध्ये दोघांचं घर होतं. त्या भागातून मेट्रोनं जाताना मला हटकून चिमण्या आठवतात.

त्या दिवशी मी पेटीचा फोटो आईला पाठवला होता. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातवंडांचे स्वेटर विणलेत. वाटलं, मेलेली पाखरं बघून चिडेल. फोन आला तेव्हा तिनं फोटो मोठा करून बघितलेला होता.

“वीण सुबक आहे गं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण एकीच्याही पंखांना बाहेर यायला वाट ठेवलेली दिसत नाही.”