पार्किंगमध्ये धरलेली जागा

ताईकडे मिशिगनला पंधरा दिवस होतो. नायगारा झाला, शिकागो झालं, फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत. लिहायचंय ते अ‍ॅन आर्बरमधल्या एका शनिवारबद्दल. त्या सकाळी मी एका म्हाताऱ्या जोडप्याची जागा अडवून उभा होतो.

तिथल्या विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम, 'बिग हाउस', 1927 सालचं. 1,07,601 माणसं बसतात. बराचसा भाग जमिनीत खोदलेला, त्यामुळे बाहेरून एवढं वाटतच नाही. सामन्याच्या दिवशी विद्यापीठाच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीवरही गाड्या लागतात आणि आसपासचे लोक पाट्या लावून आपलं अंगण भाड्याने देतात. सामना बाराला, पण माणसं सकाळीच हजर. डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, खायचं, ओळख नसलेल्यालाही खाऊ घालायचं. याचं नाव टेलगेटिंग. मला तर आपल्या जत्रेची आठवण आली.

आम्ही सातला एका मैदानात गाडी लावली. दाजींचे मित्र टोलेडोहून यायचे होते. "तू शेजारच्या जागेत उभा राहा," दाजी म्हणाले. राहिलो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात लहानपण गेलंय. यात काही वावगं आहे हे मनातही आलं नाही.

वीसेक मिनिटांनी एक जुनी निळी गाडी समोर थांबली. चालवणारे आजोबा पंचाहत्तरीचे तरी असतील, शेजारी आजी, मागच्या सीटवर वॉकर. हॉर्न नाही, काही नाही. काच खाली करून त्यांनी विचारलं, इथे कुणी येतंय का? मी हो म्हणालो. ते मान हलवून पुढे निघाले.

तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेला पोरगा धावत आला. शेजारी शेजारी गाड्या लावायच्या असतील तर एकत्रच आत यायचं, माणूस उभा करून जागा धरायची नाही, असा तिथला नियम. दाजी वाद घालायला लागले. मला मात्र तो वॉकर दिसत होता. मी पळत जाऊन निळी गाडी थांबवली आणि मागे आणली.

नंतर आजींनी आम्हाला गरम सफरचंदाचा सायडर आणि दालचिनीचे डोनट दिले. आजोबा सांगत होते, पूर्वी ते दुसऱ्या राज्यात राहायचे आणि तिथल्या स्टेडियमच्या अगदी दारात त्यांची ठरलेली जागा होती. मग विद्यापीठाने देणगीवर गुण द्यायला सुरुवात केली. ज्याचे गुण जास्त, त्याची गाडी जवळ. पेन्शनीत ते झेपेना. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत आता हीच पद्धत आहे. मला ती अजिबात पटली नाही. आधी येईल त्याला आधी, हे त्यापेक्षा पुष्कळ बरं, पण तेही अपुरं. आजींना पायऱ्या उतरून गाडीत बसायलाच अर्धा तास लागतो, त्या सातच्या आत कशा पोचणार? ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी जवळच्या दोन रांगा राखून ठेवा, मग बाकीच्यांनी खुशाल लवकर उठावं.

टोलेडोवाले साडेनऊला आले. त्यांना पार टोकाला जागा मिळाली. डबे घेऊन चालत आमच्याकडे आले, बस, एवढंच झालं.

सामन्याला तास उरला तेव्हा आजी-आजोबा निघाले. खडीत वॉकरची चाकं रुतत होती. दाजी सकाळपासून माझ्याशी फारसं बोलले नव्हते. ते उठले, वॉकर उचलला आणि दुसरा हात आजींपुढे धरला.