पहिल्या दहांत एकही एकहाती बॅकहॅण्ड नसलेला सोमवार

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेल्या पुरुष टेनिसपटूंच्या जागतिक क्रमवारीत स्टेफानोस त्सित्सिपास अकराव्या स्थानावर घसरला आणि १९७३ मध्ये ही क्रमवारी सुरू झाल्यापासून प्रथमच पहिल्या दहा जणांत एका हाताने बॅकहॅण्ड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या विरुद्ध बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका, मारणारा एकही खेळाडू उरला नाही. मी पुण्यात टेनिस शिकवतो. त्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी होती, त्यामुळे संध्याकाळच्या तुकडीला पालकही बऱ्याच संख्येने आले होते. माझ्याकडे एकहाती बॅकहॅण्ड मारणारा एकच मुलगा होता. त्याचे वडील सराव सुरू होण्यापूर्वीच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, हा फटका वरच्या पातळीवर चालत नसेल, तर याचे वय लहान आहे तोवरच याला दोन हातांनी मारायला शिकवा."

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर कोर्टवरच शोधावे असे मला वाटले, म्हणून मी वडिलांना बाजूच्या बाकावर बसवले आणि मुलाला बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभे केले.

सुरुवातीला मी कमरेच्या उंचीचे चेंडू दिले. मुलगा खांदे इतके वळवी की त्याची पाठ नेटच्या बाजूला दिसे. डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरून तो ती मागे नेई, उजवा पाय पुढे टाकी आणि चेंडू त्या पायाच्याही पुढे असतानाच त्याला गाठी. रॅकेट पुढे जात असताना त्याचा डावा हात मागे पसरे. अनेकांना हा शेवटचा भाग केवळ शोभेचा वाटतो. प्रत्यक्षात तो मागे राहिलेला हात छातीला वेळेआधी उघडू देत नाही आणि त्यामुळेच चेंडूची दिशा टिकते. २०१५ च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वावरिंकाने जोकोविचविरुद्ध विजयाचा गुण रेषेलगतच्या ज्या बॅकहॅण्डने मिळवला, त्यामागे हीच रचना होती. वडील समाधानाने पाहत होते.

मग मी सर्व्हिसच्या चौकटीतून उसळी घेणाऱ्या सर्व्हिस सुरू केल्या. चेंडू खांद्याच्या वर येऊ लागताच चित्र बदलले. त्या उंचीवर एका हाताच्या खांद्यामागील लहान स्नायूंवर सगळा भार येतो. दोन हातांनी खेळणाऱ्याला तिथे डाव्या हाताची ताकद मिळते, शिवाय चेंडू थोडा उशिरा गाठला तरी फटका निभावतो. नदालने रोलाँ गारोवर, म्हणजे फ्रेंच स्पर्धेतच, २००६ ते २००८ अशा सलग तीन अंतिम सामन्यांत आपल्या डावखुऱ्या फोरहॅण्डचा टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरत उंच उसळणारा चेंडू, फेडररच्या एकहाती बॅकहॅण्डकडे नेमक्या याच उंचीवर पुन्हा पुन्हा नेऊन टाकला होता. वेगवान सर्व्हिसने अडचण आणखी वाढली. ताशी दोनशे किलोमीटरची सर्व्हिस परतवणाऱ्याला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, आणि तेवढ्यात रॅकेटची पकड बदलून, खांदे वळवून चेंडू इतका पुढे गाठणे हे एकहाती खेळाडूला सर्वांत जड जाते. माझ्या मते पहिल्या दहांतून हा फटका नाहीसा झाला तो प्रामुख्याने इथेच, सर्व्हिस परतवताना. लांबलेल्या रॅलीत तो आजही कोणापेक्षा कमी नाही.

मुलगा दमला तेव्हा मी वडिलांना कोर्टवर बोलावले आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा अंतिम सामना आठवून पाहा, असे म्हटले. फेडररने २०१४ मध्येच नव्वद चौरस इंचांची रॅकेट सोडून सत्त्याण्णव चौरस इंचांची हाती घेतली होती. त्या सामन्यात तो बेसलाइनपासून मागे हटला नाही, चेंडू उसळी पूर्ण करण्याआधीच सपाट बॅकहॅण्ड मारत राहिला आणि पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असताना सलग पाच गेम जिंकून त्याने नदालला हरवले. तेव्हा त्याचे वय पस्तीस होते. दोन हात न लावताही उंच चेंडूवर तोडगा निघू शकतो. मात्र त्यासाठी पावले लवकर पडावी लागतात आणि दृष्टी पक्की असावी लागते.

"आणि तोडगा नाहीच निघाला तर?" वडिलांनी विचारले. हा धोका मी नाकारला नाही. पण सॅम्प्रसने चौदाव्या वर्षाच्या सुमारास दोन हातांचा बॅकहॅण्ड सोडून एकहाती फटका स्वीकारला, तो पुढे विम्बल्डनवर उपयोगी पडेल या हिशेबाने. म्हणजे हा निर्णय एका आठवड्याच्या क्रमवारीवरून घेण्याचा नाही, मुलाचा खेळ कोणत्या दिशेने जाणार आहे त्यावरून घेण्याचा आहे. या मुलाला नेटजवळ जायला आवडते, त्याचा स्लाइस, म्हणजे चेंडूला खालून कापत मारलेला बॅकहॅण्ड, खाली राहतो आणि स्लाइस व नेहमीचा बॅकहॅण्ड या दोन्ही फटक्यांची त्याची सुरुवात सारखीच दिसते. प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत अंदाज येऊ न देणारी ही देणगी त्याच्याकडून काढून घ्यायला माझे मन तयार नव्हते.

आम्ही तिघांनी मिळून ठरवले की वर्षभर फटका बदलायचा नाही. सर्व्हिस परतवताना आखूड हालचालीचा स्लाइस आधी पक्का करायचा, खांद्यामागच्या स्नायूंसाठी रबरी पट्ट्यांचा व्यायाम रोज करायचा आणि उंच चेंडू चढत्या उसळीवरच गाठायचा सराव आठवड्यातून निदान तीनदा घ्यायचा. एप्रिलच्या सुरुवातीला मायामीच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारून एकहाती बॅकहॅण्ड मारणारा दिमित्रोव पहिल्या दहांत परतला. ती बातमी घेऊन मुलगाच माझ्याकडे आला. त्याने ती सांगितली आणि लगेच म्हणाला, "सर, आज उंच चेंडू द्या."