उत्तर आज नको

शनिवार, रात्री

संध्याकाळी पाऊस उघडला म्हणून आम्ही ठाण्यातल्या कचराळी तलावावर चालायला गेलो. आई लेकीला घेऊन सोसायटीतल्या कीर्तनाला गेल्या होत्या, त्यामुळे घाई नव्हती. महापालिका मुख्यालयाच्या बाजूने वळताना माझा नवरा म्हणाला, "तुला एक गोष्ट सांगायची आहे. उत्तर आज नको. नुसतं ऐक."

मला आधी नोकरीचं काहीतरी वाटलं. ऐरोलीतल्या त्याच्या ऑफिसात गेले काही महिने कुणाची ना कुणाची खुर्ची रिकामी होतेय. पण तो आमच्या दोघांबद्दल बोलू लागला. त्याला कधीकधी मनापासून वाटतं की आपले डोळे बांधलेले असावेत, हात बांधलेले असावेत आणि पुढे काय व्हायचं ते सगळं मी ठरवावं. मी त्याला हुकूम करावा, थोडं रागवावंही. हे आमची भेट व्हायच्या आधीपासून त्याच्या मनात आहे. हे त्याने एका दमात सांगितलं नाही. समोरून काका-काकूंचा घोळका आला की थांबायचा, ते पुढे गेले की पुन्हा सुरू करायचा.

मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "आपल्यात काही कमी आहे म्हणून नाही सांगत. तू नाही म्हणालीस तर माझं काही अडणार नाही. फक्त माझ्याबद्दलची एक गोष्ट तुला माहीत नाही, हे मला आता नको वाटतं."

मी त्याचा हात धरला आणि आम्ही चालत राहिलो. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हे किती बरं असतं. त्याने हे पलंगावर विचारलं असतं, दिवा मालवल्यावर, अंगाला अंग लागलेलं असताना, तर मला 'हो' किंवा 'नाही' यातलं एक तिथल्या तिथे द्यावं लागलं असतं. तिथे दिलेला 'हो' खरा आहे की मोडता घालवत नाही म्हणून दिलेला, हे माझं मलाही कळलं नसतं.

रविवार

काल झोप उशिरा लागली, पण काळजीने नाही.

माझ्या एका मैत्रिणीला तिच्या नवऱ्याने रात्री मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. "बघ, सगळे करतात, तुलाच काय होतं?" तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. मागितलेली गोष्ट कदाचित साधीच असेल. पण त्या 'सगळे करतात'मध्ये तिला बोलायला जागाच ठेवलेली नव्हती. ती नाही म्हणाली, तर ती जुनाट, थंड, गावंढळ. माझ्या नवऱ्याने काल एकदाही दुसऱ्या कुणाचं नाव काढलं नाही. ही माझी इच्छा आहे, एवढंच म्हणाला. मागणं कितीही चारचौघांत न बोलण्यासारखं असो, ते ऐकणाऱ्याचा मान राखून मागता येतं, हे मला काल दिसलं. तो मान दिसतो तो नकाराला ठेवलेल्या जागेत.

बलात्काराच्या कायद्याने ही जागा अजून बायकोला दिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ६३ मध्ये, जुन्या दंड संहितेच्या कलम ३७५ मधला नवऱ्यासाठीचा अपवाद राहिलाच आहे: बायको अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने तिच्याशी केलेला संबंध बलात्कार धरला जात नाही. म्हणजे माझी मर्जी विचारायचं बंधन हा कायदा त्याच्यावर घालत नाही. तरीही तो विचारतो, आणि "उत्तर आज नको" म्हणतो. मला याचं मोल फार वाटतं. आणि ते मोल वाटावं लागतं, याचा रागही येतो.

मंगळवार, दुपारी, क्लिनिकमध्ये

एक पेशंट आला नाही, त्या वेळात वाचत बसले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मनाचे विकार हा माझा विषय नाही, पण याद्या कशा वाचायच्या ते कळतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली मनोविकारांच्या त्यांच्या ग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांच्यात सरळ रेघ ओढली आहे: त्या आवडीचा त्या माणसाला स्वतःला त्रास होत असेल, जगणं अडत असेल किंवा दुसऱ्याला इजा पोचत असेल, तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीत फेटिशिझम (एखाद्या वस्तूचं किंवा अवयवाचं लैंगिक आकर्षण) आणि सॅडोमॅसोकिझम (वेदना किंवा हुकमत देण्या-घेण्यातलं सुख) हे विकार म्हणून नोंदलेले होते. २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या अकराव्या यादीतून ते काढले. जिथे समोरच्याची संमती नाही, तो जबरदस्तीचा प्रकार मात्र यादीत ठेवला आहे.

मला त्याला नॉर्मल ठरवायचं नव्हतं. इतकी वर्षं ओळखते मी त्याला. पण हा माणूस ही गोष्ट एकटाच सांभाळत होता आणि त्याला कधीतरी आपण आजारी आहोत असं वाटलं असेल, या विचाराने पोटात तुटलं. आज रात्री त्याला हे वाचून दाखवायचं.

वाचता वाचता र. धों. कर्वे आठवले. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. मराठी माणसं त्यात आपले प्रश्न पाठवायची आणि कर्वे त्यांना उत्तरं द्यायचे. अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. मला त्या पत्रं लिहिणाऱ्यांचं वाटतं. एका अनोळखी संपादकाला लिहायला त्यांना धीर झाला, पण शेजारच्या उशीवर डोकं ठेवून झोपलेल्या माणसाला विचारायला किती जणांना झाला असेल? तेव्हा लग्नंही धड ओळख नसलेल्या माणसांशी लागायची. आमचं तसं नाही. तरी याला एवढी वर्षं लागली.

गुरुवार, रात्री

आज आम्ही बोललो ते सगळं उतरवून ठेवते, कारण हे पुढेही लागणार आहे. आई झोपल्यावर आम्ही गच्चीत गेलो. घोडबंदर रोडवरच्या ट्रकांचा आवाज इतका होता की हळू बोलण्याची गरजच नव्हती.

मी म्हटलं, डोळे बांधणं, हो. हात, हो, पण माझ्या अटींवर. रागावणं, घालून पाडून बोलणं, नाही. माझ्या बाबांच्या तोंडी आईसाठी जी भाषा होती ती मी लहानपणी पुरेपूर ऐकली आहे. तसं काही खोटं खोटंही मी माझ्या तोंडून काढणार नाही. आणि ज्याच्यावर माझा जीव आहे त्याच्यासाठी तर नाहीच.

हा एवढंच म्हणाला, "मग ते नाही." का, कशाला, एकदा बघू या तरी, यातलं एकही नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. वाईट वाटलेलं दिसत होतं, ते त्याने लपवलं नाही, आणि माझ्यावर टाकलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. तुझ्या बाबांचं मला एवढं माहीत नव्हतं."

पण मला जे खरं खुपत होतं ते वेगळंच होतं आणि तिथे यायला मला वेळ लागला. याला हवंय की मी ठरवावं. अरे, पण दिवसभर मीच ठरवते! दूध किती, भाजी कुठली, बाई आली नाही तर काय, आईंच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतात, लेकीची फी, गॅस, पाहुणे. रात्री दहाला मला जर काही हवं असेल तर ते हेच, की दुसऱ्या कुणीतरी ठरवावं. त्याला वाटतं ती ठरवण्यातून सुटका, आणि मला ती आणखी एक कामाची यादी वाटते. हे मी त्याला अगदी याच शब्दांत सांगितलं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी सुटका मागतोय, आणि ती तुला कधी मिळतच नाही." या वाक्यासाठी मी त्याला मिठी मारली. याच्यावर तोडगा असा एका बैठकीत निघत नाही. सध्या इतकं ठरलं आहे: आईंची औषधं आणि लेकीचं शाळेचं सगळं आता त्याच्याकडे, आणि ते या गोष्टीच्या बदल्यात नाही, ही गोष्ट कधी झालीच नाही तरी ते त्याच्याकडेच. आणि आमचा तो दिवस कधी असेल, हे मी सांगायचं. तो आठवण करून देणार नाही. त्याने आठवण करून दिली की माझ्यासाठी ती थकबाकी होते.

मग अटी. इथे मात्र माझा धंदा कामाला आला. मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूने एक नस, म्हणजे नर्व्ह, अगदी कातडीखालून जाते. बेड्या घट्ट बसलेल्या माणसांच्या अंगठ्याची मागची बाजू त्यामुळेच बधिर होते, कधी महिनोन् महिने. दंडाच्या बाहेरच्या अंगाला हाडाला चिकटून रेडिअल नर्व्ह जाते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपलेला माणूस सकाळी उठतो आणि त्याचं मनगट उचलत नाही, असे पेशंट मी बघितले आहेत. म्हणून दंडाला बांधायचं नाही, मनगटाला रुंद आणि मऊ कापड, आणि कापडाखालून माझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. ओढणीची साधी गाठ हिसका बसला की करकचून आवळते, तेव्हा ती ओढणी नकोच. मी क्लिनिकमधला वेल्क्रोचा पट्टा आणणार आहे. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी. गळ्याभोवती काहीही नाही, कधीही नाही, यावर चर्चासुद्धा नाही. बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर त्याने लगेच सांगायचं. सहन करून मला खूश करायचं नाही. बांधलेलं असताना मी खोली सोडणार नाही, दारावरची बेल वाजली तरी.

थांबायचा शब्द त्याने निवडला: 'मुंब्रा'. गाडीत बसल्याशिवाय आमच्या तोंडी ते स्टेशन येत नाही. 'नको' किंवा 'थांब' हे खेळातही तोंडून निघू शकतं, म्हणून वेगळा शब्द हवा. तो शब्द दोघांचाही आहे. मलाही मध्येच नको झालं तर मी तोच म्हणायचा, आणि का ते त्या वेळी सांगायचं नाही. त्याला वाटलं होतं की शब्द फक्त बांधलेल्यासाठी असतो. मी म्हटलं, बांधणाऱ्याचाही हात थरथरतो रे.

दोघांचे मोबाइल बाहेर हॉलमध्ये राहतील. फोटो नाही, कुठल्याही मैत्रिणीला-मित्राला सांगणं नाही, भांडणात हा विषय काढणं तर अजिबात नाही. हे शेवटचं मी दोनदा म्हणवून घेतलं. माणूस आपल्यातलं सगळ्यात उघडं ते ज्याच्या हाती देतं, त्याने ते भांडणात टोमणा म्हणून परत फेकलं तर पुढे आयुष्यभर कुणी काही सांगणार नाही.

शुक्रवार

सकाळी मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. नकार दिल्यानंतरच्या सकाळी माणूस कसा वागतो, त्यावरून मला खरं कळणार होतं. अबोला धरतो का, चहाचा कप जरा जास्त जोरात ठेवतो का. याने नेहमीसारखा आल्याचा चहा केला, आईंचा बिनसाखरेचा वेगळा काढला, गोळ्यांची पट्टी बघून मेडिकलला काय आणायचं ते स्वतः लिहिलं. लेकीच्या वेण्या घालताना तिच्याशी नेहमीसारखं गाणं म्हणत होता. ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायला निघताना दारात मला म्हणाला, "काल तू जे नाही म्हणालीस ना, त्यामुळे हो म्हणालीस त्याच्यावर माझा विश्वास बसला."

मग चप्पल घालता घालता: "आणि तुला काय हवंय, ते मी विचारलंच नाही. सांगशील?"

मला उत्तर आलं नाही. खरंच आलं नाही. क्लिनिकला जाताना रिक्षात विचार करत राहिले. लग्नाच्या आधी मला आईने, मावशीने, डॉक्टरबाईंनी बरंच काही सांगितलं. काय टाळायचं, काय सांभाळायचं, कधी दिवस मोजायचे. तुला काय आवडतं, हे शोध, असं कुणी म्हणालं नाही. माझी आवड म्हणजे त्याला आवडेल ते, यावर माझी कितीतरी वर्षं निघाली आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. आता शोधायला बसले तर पहिली जी गोष्ट हाती लागली, ती अशी: सिझेरियनच्या व्रणामुळे मी लेकीच्या जन्मापासून दिवा मालवते. मला दिवा चालू हवाय. त्याने त्या व्रणाकडे सावकाश बघावं आणि मला लपवू देऊ नये. हे त्याच्या पट्ट्या-बिट्ट्यांपुढे फार छोटं वाटेल कुणाला, पण लिहितानासुद्धा माझे कान तापले आहेत. बोलताना त्याचं काय झालं असेल, ते मला आत्ता कळतंय.

रविवारी आई नणंदेकडे डोंबिवलीला जाणार आहेत. आम्ही पुन्हा कचराळीला जाऊ. तेव्हा सांगेन, आणि उत्तर आज नको असंही म्हणेन. खोलीच्या दाराची कडी वरून निखळली आहे, तिच्यासाठी सुताराला बोलवायचं आहे. ते काम याने आपणहून घेतलं आहे.